प्रवरेच्या उगमाकडे : देवळे, गड आणि महादेव कोळी

सह्याद्रीतील जुन्या देवळांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या देवळांच्या सावलीत राहणाऱ्या माणसांविषयी मात्र फार थोडे. अकोले तालुक्यातील रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर पाहून परतणाऱ्यांना शिल्पे आठवतात, भंडारदऱ्याचे पाणी आठवते, अलीकडे मे-जूनमध्ये झाडांवर लखलखणारे काजवेही आठवतात. देवळाला लागून जी वाडी आहे ती कोणाची, ती माणसे येथे केव्हापासून आहेत आणि त्यांच्यावर काय काय गुदरले, हे विचारण्याइतकी सवड बहुधा कोणाजवळ नसते. गेली काही वर्षे आम्ही कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगड या तीन डोंगरांच्या परिसरात जमेल तसे हिंडत आहोत. आडवाटेच्या या मुलखात जे पाहिले आणि त्याविषयी जे वाचले, त्यातील काही भाग येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम देवळांविषयी. अमृतेश्वराला सर्रास हेमाडपंती म्हणण्याची रीत आहे. यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकातला. हे मंदिर त्याच्या आधीचे आहे, असे अभ्यासक मानतात. शिलाहार वंशातील झंझ राजाने बारा शिवमंदिरे बांधली असा उल्लेख पुढील काळातील एका ताम्रपटात येतो, आणि सह्याद्रीतील नद्यांच्या उगमाशी असलेली जुनी देवळे लोकपरंपरेने त्या बारांत जमा करून टाकली आहेत. प्रवरा रतनगडावर उगम पावते, म्हणून अमृतेश्वर त्यांपैकी एक. काळ्या पाषाणातील शिखर, त्यावरील लहान लहान शिखरांच्या उभ्या ओळी, जवळच पुष्करणी आणि तिच्या कोनाड्यांत विष्णुमूर्ती, अशी ही सारी रचना आहे. शिवाच्या दारी विष्णूला एवढा मान पाहून नवल वाटते, पण गावकऱ्यांना त्यात काही विशेष वाटत नाही.

हरिश्चंद्रगडाचे मंदिर याहून गंभीर. गड सुमारे १,४२० मीटर उंच. पाचनईकडून किंवा जुन्नरच्या बाजूने खिरेश्वरावरून तोलारखिंडीने वर जावे लागते. वर हरिश्चंद्रेश्वर, बाजूला खडकात कोरलेल्या गुहा, आणि त्यातील एका गुहेत कमरेएवढ्या गार पाण्यात उभे असलेले प्रचंड शिवलिंग. या लिंगाभोवती चार खांब होते. आता एकच शाबूत आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी चांगदेवाने येथे बसून ‘तत्त्वसार’ रचला. गडाच्या पश्चिमेला कोकणकडा आहे. नागाच्या फणीसारखा आत वळलेला हा कडा सरळ कोकणात कोसळतो. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने येथे धुक्यात पूर्ण गोलाकार इंद्रधनुष्य पाहिले व त्यात स्वतःची सावली पाहिली. १८३५ सालची त्याची ती नोंद गडाविषयीच्या प्रत्येक पुस्तकात सापडते.

साईक्सने इंद्रधनुष्य पाहिले त्याच सुमारास, त्याच डोंगरांत, दुसरा एक इंग्रज अधिकारी माणसांची नोंद करीत होता. तो म्हणजे कॅप्टन मॅकिंटॉश. त्याने महादेव कोळ्यांविषयी लिहिलेला विस्तृत वृत्तांत मुंबईच्या भूगोल-संस्थेच्या नियतकालिकात १८३० च्या दशकात प्रसिद्ध झाला. पुढे १८८४ साली निघालेल्या अहमदनगर जिल्ह्याच्या गॅझेटियरने व शेजारच्या जिल्ह्यांच्या गॅझेटियरांनी त्यातील बराचसा मजकूर उचलला, आणि त्यानंतरच्या बहुतेकांनी गॅझेटियरातून उचलला. हे सांगण्याचे कारण असे, की हा मॅकिंटॉश कोणी निवांत संशोधक नव्हता. १८२९-३० मधील कोळ्यांचे बंड मोडण्याच्या कामगिरीवर तो स्वतः होता. ज्यांचा तो पाठलाग करीत होता त्यांच्याच चालीरीती, कुळे आणि पंचायती त्याने टिपून ठेवल्या. या लोकांच्या इतिहासाचे मुख्य लेखी साधन त्यांच्या शिकाऱ्याच्या हातचे आहे, हे ध्यानात ठेवूनच पुढील मजकूर वाचावयाचा.

शिकारी असला तरी माणूस बारकाईने पाहणारा होता. महादेव कोळ्यांची चोवीस मुख्य कुळे आणि त्यांच्या असंख्य पोटशाखा त्याने नोंदविल्या. त्यांची जातपंचायत, जिला गोतरणी म्हणत, तिचे त्याने केलेले वर्णन आम्हाला फार मोलाचे वाटते. पंचायतीत सहा मानकरी. रघतवान हा प्रमुख, मेटल हा त्याचा दुय्यम. साबळा हा शिपायासारखा. अपराध्याला बोलावून आणणे त्याच्याकडे. चौथा अपराध्याच्या दाराशी झाडाची डहाळी लावी. पंचायतीचा हुकूम कोणी मानला नाही तर हाडक्या मेलेल्या जनावराचे हाड आणून त्याच्या दारावर बांधी. मग त्या घराशी अन्नपाण्याचा व्यवहार बंद. पुढे तो मनुष्य नमला आणि शुद्धी झाली, म्हणजे मडक्या येऊन घरातली मातीची भांडी उचलून नेई. सहा माणसे, एक फांदी, एक हाड आणि काही मडकी, एवढ्यावर डोंगरातला न्याय चालत असे. त्यात जाच नसेलच असे आम्ही म्हणत नाही. वाळीत टाकणे ही काय चीज असते, हे गावकुसाबाहेर राहिलेल्या आमच्या वाडवडिलांना कोणी शिकवावयास नको. पण ज्यांना सरकारी कागदांत केवळ ‘लुटारू टोळ्या’ म्हटले गेले, त्यांच्यापाशी कायदा होता, त्याची पायरीपायरीची अंमलबजावणी होती आणि चुकलेल्याला परत घेण्याची वाटही होती, एवढे त्या शिकाऱ्याच्याच साक्षीने सिद्ध होते.

या समाजाचा राज्यकर्त्यांशी व्यवहार कसा चाले हे समजल्याखेरीज पुढची बंडे समजत नाहीत. डोंगरकपारी, घाटवाटा आणि गड यांची राखण नाईकांनी करावी. मोबदल्यात त्यांना काही गावांचे हक्क, काही नेमणुका आणि मुख्य म्हणजे आपल्या लोकांत न्याय करण्याची मोकळीक असावी, असा तो अलिखित करार होता. उत्तरेकडे जव्हारला तर कोळ्यांचे राज्यच होते. जयबा मुकणे याच्या घराण्याला दिल्लीच्या सुलतानाने १३४३ साली मान्यता दिली आणि ते राज्य १९४८ पर्यंत टिकले. आमच्या वसईच्या पोर्तुगीज मुलखाचा हा शेजारी. या राज्याच्या स्थापनेची एक कथा सांगतात: मूळ पुरुषाने बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन मागितली, ती मिळताच कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या आणि त्यांनी सारा मुलूख वेढला. लॅटिन शिकलेल्या आमच्या जुन्या धर्मगुरूंना येथे कार्थेजच्या दीदो राणीची आठवण झाल्यावाचून राहिली नसती. ही कथा कोठून कोठे गेली हा वेगळा विषय आहे.

करार पाळला गेला तोवर डोंगर शांत राहिले. मोडला गेला की पेटले. सतराव्या शतकात मोगलांनी जमिनीची मोजणी करून सारा बसविण्यास आरंभ केला, तेव्हा जुन्नर भागातील कोळी खेमी नाईकाच्या मागे उठले. बंड चिरडले गेले. कैद्यांना जुन्नरला नेऊन त्यांची मुंडकी उडविण्यात आली, त्यांचा ढीग रचण्यात आला आणि त्यावर चौथरा बांधण्यात आला. तो काळा चबुतरा. पेशवाईत याच्या उलट घडले. जावजी बांबळे या नाईकाने बरीच वर्षे पुणे दरबाराला हैराण केले. अखेर तुकोजी होळकराच्या मध्यस्थीने समेट झाला आणि नाना फडणवीसांच्या कारकीर्दीत त्याच जावजीकडे साठ गावांचा बंदोबस्त सोपविण्यात आला. बंडखोराला त्याच मुलखाचा रखवालदार नेमणे यात पेशव्यांचा उदारपणा किती आणि नाइलाज किती, हे सांगणे कठीण आहे. पण डोंगराचे शास्त्र त्यांना कळत होते असे म्हणावे लागते.

१८१८ मध्ये कंपनीचे राज्य आले आणि हे शास्त्र विसरले गेले. अनेक गडांच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंगाने उडविण्यात आल्या. गडाला वाट नाही म्हटल्यावर गडकऱ्याला काम उरले नाही. पिढ्यान्पिढ्या पहाऱ्यावर राहिलेली घरे एका हुकुमाने बेकार झाली. हळूहळू नाईकांचे हक्क कमी करण्यात आले, काही बंद पडले. रामजी भांगरे हा सरकारच्याच पोलीस दलात जमादार होता. त्याने आणि रामा किरव्याने १८२९ मध्ये उठाव केला. रामा किरवा पकडला जाऊन १८३० साली अहमदनगरला फाशी गेला. मॅकिंटॉशची लेखणी चालू झाली ती या मोहिमेनंतर.

रामजीचा मुलगा राघोजी. अकोले तालुक्यातील देवगाव हे त्याचे गाव. त्याचे बंड १८४४-४५ मध्ये ऐन भरात आले, आणि ते बापाच्या बंडाहून निराळे होते. मधल्या पंधरा वर्षांत डोंगरात सावकार शिरला होता. रोख साऱ्याची सक्ती, नाचणी-वरईच्या शेतीतून रोकड निघत नाही, म्हणून कर्ज. कर्जाचे कागद कोर्टात चालतात, आणि कोर्टाची भाषा कोळ्याला कळत नाही. म्हणून राघोजीच्या माणसांचा रोख पोलिसांइतकाच सावकारांवर आणि त्यांच्या कागदांवर होता. सावकारांची नाके कापल्याच्या नोंदी आहेत. या क्रौर्यावर पांघरूण घालण्याचे आम्हाला कारण दिसत नाही. परंतु नाक कापणारे हात आणि जमीन कापून घेणारे कागद यांपैकी एकाचीच नोंद ‘गुन्हा’ या सदराखाली झाली, हेही खरे.

राघोजीचा साथीदार बापू भांगरे १८४५ मध्ये पकडला गेला. राघोजी निसटला. गोसाव्याच्या वेषात तो हिंडत राहिला, आणि २ जानेवारी १८४८ रोजी पंढरपुरात लेफ्टनंट गेल याने त्याला धरले. विठोबाच्या दर्शनाला गेला असता तो सापडला. पाठलाग चालू असताना माणूस डोंगर सोडून पंढरीच्या वाटेला का लागला असेल, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही. सरकारी नोंदीला त्याचे उत्तर नको होते. तिला तारीख आणि पकडणाऱ्याचे नाव पुरेसे होते. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या कारागृहात राघोजीला फाशी देण्यात आली.

या फाशीला दहा वर्षे होण्यापूर्वीची गोष्ट आता ऐका. १८५७ चा उठाव झाला, नाशिक-नगर भागात भिल्ल उठले, भागोजी नाईकाच्या मागावर फौजा धावू लागल्या. पण त्या फौजांना डोंगर चढता येईना. तेव्हा कॅप्टन नटॉल याने कोळ्यांचीच पलटण उभारली. तिच्या मुखत्यारीवर नेमला तोही जावजी नाईक बांबळे याच नावाचा, त्याच कुळातला. पेशव्यांना जे कळले होते ते इंग्रजांना चाळीस वर्षांनी कळले, असे वाटू लागते तोच १८६१ च्या मार्चमध्ये काम संपले म्हणून पलटण मोडण्यात आली. माणसे पुन्हा नांगराकडे आणि सावकाराकडे गेली. बारा-पंधरा वर्षांनी होन्या केंगले या कोळ्याच्या मागे तोच सावकारविरोधी दंगा पुन्हा झाला. १८७६ मध्ये होन्या पकडला गेला.

या सगळ्या प्रकरणांची सनदी कागदपत्रे वाचून झाल्यावर आम्हाला कळसूबाईची कथा वेगळ्याच तऱ्हेने समजू लागली. १,६४६ मीटर उंचीचे हे शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच, म्हणून बारी गावाहून लोखंडी शिड्या चढून जाणाऱ्यांची तेथे रीघ असते. शिखरावरच्या चिमुकल्या देवळातली देवी ही मूळची कोळ्याची पोर, असे परंपरा सांगते. कळसू नावाची ही मुलगी डोंगरात हिंडत पायथ्याच्या इंदोर गावी आली आणि एका घरी कामाला राहिली. राहताना तिने अट घातली, की भांडी घासणे आणि केर काढणे ही कामे मी करणार नाही. घरच्यांनी ती मान्य केली. काही दिवस बरे गेले. मग एकदा घरी पाहुणे आले, गडबड उडाली आणि तिला नेमकी तीच कामे करावयास लावली. तिने ती केली. भांडण नाही, शाप नाही. काम उरकून ती डोंगर चढून गेली आणि परत खाली आली नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, आणि केर टाकला ती काळदरा.

देवी म्हणून पुजली जाते ती अट मोडल्यामुळे घर सोडून गेलेली मोलकरीण. तिने कोणा राक्षसाला मारल्याची कथा नाही, ती कोणा देवाची पत्नी म्हणूनही सांगत नाहीत. कथा बंडांच्या आधीची की नंतरची, हे कोणी ठरवू शकणार नाही. मात्र ज्या समाजाशी केलेला करार वेळोवेळी वरच्याने मोडला, त्या समाजाने सर्वांत उंच जागी बसविण्यासाठी हीच कथा निवडली, याचा विचार इतिहास लिहिणाऱ्यांनी करावा असे आम्हाला वाटते. अमृतेश्वराच्या शिल्पांइतकीच ही कथाही इतिहासाचे साधन आहे.

विसाव्या शतकात करार मोडण्याचे हत्यार बदलले. १९१० मध्ये भंडारदऱ्याला प्रवरेवर धरण बांधण्याचे काम सुरू झाले. ८२ मीटर उंचीची ही भिंत त्या काळी हिंदुस्थानात फार मोठी गणली जाई. १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले व त्यांचेच नाव त्याला मिळाले. दरीतल्या वाड्या वर सरकल्या, भाताची खाचरे पाण्याखाली गेली. पाणी मात्र कालव्यांनी खाली, संगमनेरच्या पुढे, राहाता-श्रीरामपूरच्या काळ्या जमिनीकडे गेले. तेथे ऊस झाला, साखर झाली. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना चालला. १९५० मध्ये लोणीला सहकारी कारखान्याचे धुराडे पेटले.

या ठिकाणी आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचा संबंध येतो. अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील आपली कितीतरी धर्मग्रामे याच कालव्यांच्या पट्ट्यात आहेत. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला सप्टेंबरात जाणाऱ्यांनी दुतर्फा उसाचे हिरवे मळे पाहिले असतील. ते हिरवेपण रतनवाडीच्या दरीतून आलेले आहे. ज्या दलित ख्रिस्ती कुटुंबांनी त्या मळ्यांत मजुरी केली त्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. त्यांच्याही वाट्याला त्या पाण्यातले मालकीचे थेंब थोडेच आले. फक्त नदीचे वरचे टोक कोणाच्या उंबऱ्यातून सुटते, हे खालच्या टोकाला ठाऊक असावे. आम्ही कित्येक वर्षे त्या यात्रेला जात होतो. उसाच्या मळ्यांतून कोणी अमृतेश्वराचे नाव काढल्याचे स्मरत नाही.

धरणानंतर जंगल. राखीव वनांचा कायदा तर १८७८ चाच. त्याने राब भाजण्यावर आणि डोंगरउतारावरील फिरत्या शेतीवर बंधने आणली. १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झाले आणि ज्या गावांना पूर्वी गडाचे रखवालदार म्हणत ती अभयारण्याच्या हद्दीतली गावे झाली. वनस्पती व प्राणी वाचले पाहिजेत याबद्दल आमचे दुमत नाही. पण हिरड्याची झाडे आजवर कोणी राखली? हिरडा गोळा करून विकणे हे या भागातील रोकड मिळविण्याचे जुने साधन. फळ देणारे झाड कोळी तोडीत नाही. बियाण्यांचेही तसेच. अकोले तालुक्यातीलच कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बी घराघरांतून जमवून जपली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या महादेव कोळी समाजातल्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंच्या मडक्यांत जे ज्ञान निघाले, ते या समाजाच्या कोणत्याही गॅझेटियरात नोंदलेले नव्हते.

शिकाऱ्याने लिहिलेला इतिहास कधीतरी घरच्या माणसाने लिहावा, ही गरज पुढे काही अंशी पुरी झाली. डॉ. गोविंद गारे हे स्वतः याच समाजातले. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे ते संचालक होते आणि सह्याद्रीतील महादेव कोळ्यांवर त्यांनी मराठीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मॅकिंटॉशच्या नोंदी त्यांनी टाकून दिल्या नाहीत. त्या तपासल्या, आणि आपल्या लोकांकडून ऐकलेले शेजारी मांडले. आमच्या मते हीच योग्य रीत होय.

आणि या रीतीला कायद्यानेही एका वेगळ्याच प्रकारे मान्यता दिली आहे. २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा संमत केला. पिढ्यान्पिढ्या वनात राहणाऱ्या अनुसूचित जमातींनी व इतरांनी आपला कसण्याचा, राहण्याचा आणि वनोपज घेण्याचा हक्क ग्रामसभेपुढे शाबीत करावा, अशी त्यात तरतूद आहे. अर्जदाराने पुरावा म्हणून काय आणावे याची यादी २००८ च्या नियमांत दिलेली आहे. तीत सरकारी दस्तऐवज आहेत, आणि त्यांत गॅझेटियरचे नाव स्पष्ट घातले आहे. विहिरी, दफनभूमी, देवस्थाने अशा परंपरागत खुणा आहेत. आणि गावातील वडीलधाऱ्या माणसांनी सांगितलेले व लिहून घेतलेले निवेदन, हाही पुरावाच मानला आहे. ज्या कागदांत रामजी आणि राघोजी आरोपी म्हणून उभे आहेत तेच कागद आता त्यांच्या वंशजांनी, आजीच्या निवेदनाला जोडून, जमिनीच्या दाव्यासाठी ग्रामसभेपुढे ठेवता येतात.